‘इतर’ नावाचा कप्पा

पुण्यातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर लिहितो. आमची कंपनी बँकांसाठी ग्राहकसेवेची सॉफ्टवेअर बनवते. बँकेचे ग्राहक रोज जे मेसेज आणि ईमेल पाठवतात, त्यातला कुठला कुणाच्या टेबलावर जावा, हे ठरवणारा भाग माझ्याकडे आहे. ‘पैसे कट झाले पण रिचार्ज झालाच नाही’ हा मेसेज एकीकडे जायला हवा, ‘केवायसीला आधार चालेल का’ हा दुसरीकडे, आणि ‘कार्ड हरवलंय, लगेच बंद करा’ हा तिसरीकडे. प्रत्येक मेसेजवर सॉफ्टवेअर एक लेबल लावतं. लेबलांची यादी बँकेगणिक बदलते. पण मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक यादीच्या तळाशी एक नाव असतंच: ‘इतर’.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा विषय आम्हाला गणित म्हणून होता. सूत्र पाठ करा, परीक्षेत लिहा, मोकळे व्हा. त्याला इतिहास आहे हे नोकरी लागल्यावर, जुने शोधनिबंध चाळताना कळलं. तो इतिहास दोन प्रकारे सांगता येतो. एक गोष्ट सूत्रांची: आधी हे सूत्र होतं, मग त्याहून चांगलं आलं, मग त्याहून. दुसरी गोष्ट कप्प्यांची: हे कप्पे कुणी पाडले, त्यांत सुरुवातीला हाताने कागद कुणी टाकले, आणि जे कशातच बसलं नाही त्याचं काय झालं. पहिली गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. मला दुसरी सांगायची आहे, कारण ज्याचे खात्यातले पैसे गेलेत त्याच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे.

पाठवणाऱ्यानेच ठरवावं

आलेल्या मजकुराचे गठ्ठे लावण्याचं सगळ्यात मोठं काम आपल्याकडे कुणी केलं असेल, तर ते पोस्टाने. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात उभं राहून, धावत्या गाडीत, समोरच्या खणांत पत्रं टाकणारे सॉर्टर हे माझ्या धंद्याचे पूर्वज म्हणायला हरकत नाही. पत्ता मराठीत, तमिळमध्ये, उर्दूत, बंगालीत. अक्षर कसंही. शिवाय एकाच नावाची गावं ठिकठिकाणी. एक औरंगाबाद मराठवाड्यात होतं, एक बिहारमध्ये. पिंपळगाव आणि वडगाव तर एकट्या महाराष्ट्रातच किती असतील! सॉर्टरला पत्ता नुसता वाचून भागत नसे, लिहिणाऱ्याच्या मनात कुठलं गाव होतं ते ओळखावं लागे.

यावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, पोस्ट खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. असे आठ भौगोलिक विभाग आणि नववा सैन्याच्या टपालाचा. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो, उरलेले तीन पत्र वाटणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ने सुरू होतात, आणि त्यांच्या मधोमध ४०३ हा गोव्याचा असतो. भाषा कळो न कळो, अक्षर लागो न लागो, आकडे वाचता आले की पत्र योग्य खणात पडतं.

या योजनेतली खरी युक्ती आकड्यांच्या मांडणीइतकीच कामाच्या वाटणीत आहे. गठ्ठा कुठला हे ओळखण्याचं काम वेलणकरांनी सॉर्टरकडून काढून पत्र लिहिणाऱ्याकडे दिलं. लिहिणाऱ्याला ते जड नव्हतं. आपल्या माणसाचा पिनकोड एकदा विचारून घेतला की वर्षानुवर्षं पुरतो.

ग्राहकसेवेने हीच युक्ती उचलली. ‘मराठीसाठी एक दाबा, कार्डाविषयीच्या तक्रारीसाठी तीन दाबा’ किंवा वेबसाइटवरचा ‘विषय निवडा’ हा चौकोन, हे सगळे पिनकोडचेच भाऊबंद. पण इथे ते नीट चालत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. गाव नकाशावर असतं. लिहिणाऱ्याचं आणि पोस्टाचं त्याबद्दल एकमत असतं. बँकेच्या आतले विभाग ग्राहकाने कधीच पाहिलेले नसतात. आपली अडचण ‘डिजिटल चॅनेल’मध्ये मोडते की ‘डेबिट कार्ड ऑपरेशन्स’मध्ये, हे एखाद्या निवृत्त शिक्षकाला कसं कळणार? ते आपले यादी वरून खाली वाचतात, कशावरच बोट ठरत नाही, आणि शेवटचं ‘इतर’ निवडतात.

म्हणून दुसरा रस्ता: ग्राहकाला त्याच्या भाषेत लिहू द्यावं, कप्पा आपण शोधावा.

नव्वद शब्द

हा रस्ता संगणकाकडून चालवून पाहण्याचा एक फार जुना प्रयत्न १९६१चा आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे रँड कॉर्पोरेशनमध्ये एम. ई. मॅरन नावाचे संशोधक होते. त्यांच्यासमोरचा प्रश्न ग्रंथालयाचा होता. लेख इतक्या वेगाने छापले जात होते, की ते वाचून विषयवार लावायला माणसं पुरणार नव्हती. मॅरननी संगणकविषयक लेखांचे ४०५ सारांश घेतले आणि ३२ विषय ठरवले. कुठला सारांश कुठल्या विषयाचा, हे आधी माणसांनी वाचून ठरवलं. त्यातले २६० सारांश शिकवण्यासाठी ठेवले आणि १४५ परीक्षेसाठी बाजूला काढले. मग ज्यांच्यावरून विषयाचा सुगावा लागेल असे ९० शब्द निवडले.

पद्धत त्याहून जुनी, थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याची. बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने प्रसिद्ध करवला. आमच्या कामातलं उदाहरण घेऊन सांगतो. समजा, कार्ड हरवल्याच्या जुन्या मेसेजांमध्ये ‘ब्लॉक’ हा शब्द वारंवार येतो आणि कर्जाच्या मेसेजांमध्ये क्वचित. आता नवा मेसेज आला आणि त्यात ‘ब्लॉक’ आहे, तर पारडं कार्डाकडे थोडं झुकतं. ‘पाकीट’ असेल तर आणखी झुकतं. ‘हप्ता’ असेल तर उलटं. असं प्रत्येक शब्दाचं वजन टाकत जायचं आणि शेवटी जे पारडं जड त्या कप्प्यात मेसेज टाकायचा. शब्दांचा क्रम, वाक्याचा अर्थ, लिहिणाऱ्याचा सूर यांतलं काहीही बघायचं नाही.

निकाल मोठा बोलका होता. शिकवलेल्याच सारांशांवर पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा, पुरेसे सुगाव्याचे शब्द असलेल्या सारांशांपैकी साधारण ८५ टक्के बरोबर निघाले. बाजूला ठेवलेल्या, न पाहिलेल्या सारांशांवर हाच आकडा निम्म्याच्या आसपास आला. घोकलेलं उत्तर आणि समजलेलं उत्तर यांतला फरक १९६१ सालीच कागदावर मांडलेला होता. आजही नवीन मुलगा टीममध्ये आला आणि ‘सर, ९८ टक्के आले’ म्हणाला, की पहिला प्रश्न हाच असतो: परीक्षेतले मेसेज शिकवणीत नव्हते ना?

पण माझं लक्ष वेधलं ते वेगळ्याच गोष्टीने. मॅरनच्या काही सारांशांमध्ये निवडलेल्या ९० शब्दांपैकी एकही शब्द नव्हता. अशा कागदाबद्दल यंत्राला म्हणण्यासारखं काहीच नाही. मॅरननी ते कागद वेगळे काढले आणि निबंधात तसं सरळ लिहून टाकलं. त्यांना कुठल्या तरी कप्प्यात ढकलून आकडा सजवला नाही. माझ्या मते या विषयातला पहिला ‘इतर’ कप्पा तोच.

गहू, हिवाळा आणि मऊपणा

पुढच्या काळात बराच जोर दुसऱ्या पद्धतीवर होता. यंत्राने मोजत बसण्यापेक्षा जाणकार माणसाने नियम लिहून द्यावेत, अशी ती पद्धत. तिचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘कन्स्ट्रू’. रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी कार्नेगी ग्रुप या कंपनीने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही यंत्रणा बनवली. रॉयटर्सच्या ग्राहकांना, म्हणजे दलालांना, व्यापाऱ्यांना, बँकांना, आपल्या धंद्यापुरत्या बातम्या हव्या असत. त्यासाठी बातम्यांवर ६७४ प्रकारच्या खुणा लावायच्या होत्या: अर्थव्यवहाराचे विषय, देश, माणसं, संस्था.

त्यातला गव्हाचा नियम पाठ्यपुस्तकांत नेहमी देतात. बातमीत ‘गहू’ आणि ‘शेत’ दोन्ही असेल तर ती गव्हाची. ‘गहू’ आणि ‘टन’ असेल तरी गव्हाची. ‘बुशेल’ आणि ‘निर्यात’ असेल तर गहू हा शब्द नसला तरी गव्हाची. ‘गहू’ आणि ‘हिवाळा’ असेल तरीही, मात्र त्यात ‘मऊ’ हा शब्द नसावा. हा शेवटचा अपवाद मला फार आवडतो. कुणीतरी बातम्या वाचत बसलं असणार, आपला नियम कुठेतरी घसरतोय हे त्याच्या लक्षात आलं असणार, आणि त्याने ‘मऊ नको’ एवढं जोडलं असणार. अशा शेकडो दुरुस्त्यांमागे माणसाचे डोळे होते. यंत्रणा चांगली चालली. पण विषय बदलला, ग्राहक बदलला की नियम पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसावं लागे, आणि ते लिहू शकणारी माणसं थोडी होती.

या खटाटोपातून एक वस्तू मागे उरली, आणि तिने पुढची बरीच वर्षं आमच्या क्षेत्रावर राज्य केलं. ती म्हणजे १९८७ सालातल्या रॉयटर्सच्या बातम्यांचा खुणा लावलेला गठ्ठा. संशोधकांना तो वापरायला मिळाला तेव्हा त्यात २२,१७३ बातम्या होत्या. पुढे साफसफाई करताना ५९५ बातम्या तंतोतंत दुबार निघाल्या, त्या काढल्या आणि २१,५७८ उरल्या. गठ्ठ्याचं नावच ‘रॉयटर्स-२१५७८’ पडलं. १९९०च्या दशकात मजकूर वर्गवारीची नवी पद्धत घेऊन कुणीही आलं, की तिला याच गठ्ठ्यावर उतरवून दाखवावं लागे. नियम लिहिणारी पद्धत मागे पडली आणि मॅरनची मोजण्याची पद्धत नव्या गणितासह परत आली, ती बरीचशी या मैदानात.

आता या मैदानाची जमीन बघा. विषय १३५, पण बातम्या त्यांत सारख्या वाटलेल्या नाहीत. कंपन्यांची कमाई आणि कंपन्यांची खरेदी-विक्री हे दोनच विषय प्रचंड मोठे. बाकीच्यांत काही विषय असे, की हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच बातम्या. कमाईच्या बातम्या बिनचूक ओळखल्या की एकूण टक्केवारी झकास दिसते, मग त्या चिमुकल्या विषयांचं काहीही होवो. शिवाय हजारो बातम्यांवर एकही विषय लावलेला नाही. त्या कुठल्याच विषयात बसत नव्हत्या, की खूण लावायची राहून गेली? गठ्ठा बघून प्रत्येक वेळी ते सांगता येत नाही. ‘कशातच नाही’ आणि ‘कुणी पाहिलंच नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच कोऱ्या जागेत जाऊन बसल्या.

याच वृत्तसंस्थेच्या १९९६-९७ सालच्या आठ लाखांहून अधिक बातम्यांचा दुसरा गठ्ठा पुढे संशोधकांना मिळाला. त्याच्यासोबत २००४ साली एक लांबलचक लेख प्रसिद्ध झाला, आणि या खुणा प्रत्यक्षात कशा लागत याचं वर्णन त्यात आहे. आधी नियमांवर चालणारी यंत्रणा खुणा लावी, मग संपादक त्या पाहत, दुरुस्त करत. यंत्रणा होती कन्स्ट्रूमधूनच आलेली. म्हणजे नव्या पिढीची ‘स्वतः शिकणारी’ सॉफ्टवेअर ज्याला सत्य मानून शिकत होती, ते सत्य काही अंशी जुन्या सॉफ्टवेअरने लिहिलेलं आणि माणसांनी तपासलेलं होतं. त्या कामाचा एक दंडक असा होता, की प्रत्येक बातमीला निदान एक विषय लागलाच पाहिजे. ग्राहकाला काहीतरी खूण हवी म्हणून केलेला हा नियम व्यवहाराला धरून आहे. पण अशा नियमात ‘माहीत नाही’ म्हणायला जागा राहत नाही.

‘मी आपली काय मदत करू?’

आमच्या कामाचा सरळ आजोबा मात्र बातम्यांच्या नाही, टेलिफोनच्या घरातला आहे. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीत ॲलन गोरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात एक प्रयोग केला. ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ असं न ऐकवता यंत्र फक्त विचारणार: मी आपली काय मदत करू? माणूस त्याच्या शब्दांत सांगणार, आणि त्यावरून कॉल कुठे जोडायचा हे यंत्र ठरवणार.

त्यांनी आधी, समोर माणूसच ऑपरेटर असताना झालेल्या सुमारे दहा हजार कॉलमधली ग्राहकांची पहिली वाक्यं गोळा केली. कुणाला पलीकडच्याने पैसे भरायचा कॉल लावायचा होता, कुणाला कार्डावर कॉल करायचा होता, कुणी चुकीचा नंबर लावला म्हणून बिलातले पैसे परत मागत होतं. ही वाक्यं माणसांनी वाचून कप्प्यांत लावली. कप्पे झाले चौदा, आणि पंधरावा ‘इतर’. एकाच वाक्याला दोन लेबलंही लावता येत, कारण माणूस एका दमात दोन कामं सांगतो. ‘आत्ता चुकीचा नंबर लागला, आणि आता हा कॉल कार्डावर लावून द्या’ असं बोलणारा माणूस अगदी शहाणासुरता असतो. त्याला एकच कप्पा निवडायला लावणं हा आपला हट्ट.

या प्रयोगात पंधराव्या कप्प्याला मान होता. यंत्राला खात्री वाटली नाही तर ते पुन्हा विचारी किंवा कॉल ऑपरेटरकडे देई. ‘इतर’चा अर्थ होता: इथे माणूस लागेल. आणि तो माणूस खरोखर खुर्चीवर बसलेला होता.

कुठली चूक महाग

त्याच सुमारास ईमेलमध्ये जाहिरातींचा कचरा माजला. १९९८ साली मेहरान सहामी आणि मायक्रोसॉफ्टमधले त्यांचे सहकारी यांनी बेझची जुनी पद्धत कचरा ओळखायला लावली. २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने त्याच वळणाचा एक निबंध लिहिला आणि ही कल्पना घरोघरी पोचली. इथे कप्पे दोनच, कचरा आणि कामाचं. पण या लोकांनी एक गोष्ट ठळकपणे पुढे आणली: सगळ्या चुका सारख्या नसतात. कचरा चुकून समोर आला तर तो पुसायला एक क्षण लागतो. नोकरीचं पत्र चुकून कचऱ्यात गेलं तर माणसाचं वर्ष जाऊ शकतं. म्हणून सहामींच्या यंत्राने ९९.९ टक्के खात्री असल्याशिवाय कुठलंही पत्र कचऱ्यात टाकायचं नाही, असं ठरवलेलं होतं. ग्रॅहमनेही चांगल्या पत्रांतल्या शब्दांचं वजन मुद्दाम दुप्पट धरलं.

हे ९९.९ गणितातून आपोआप निघत नाही. ते कुणीतरी बसून ठरवावं लागतं, आणि ठरवताना चुकीचा भुर्दंड कुणाला पडणार याचा विचार करावा लागतो.

पैसे गेले

आता आमच्याकडे या. महाराष्ट्रातल्या बँकेच्या ग्राहकाचा मेसेज वाचायला मॅरनची पद्धत थेट लावली, तर पहिल्या पायरीलाच अडते. इंग्रजीत ‘अकाउंट’ हा शब्द बहुतेक वेळा तसाच राहतो. मराठीत खात्यात, खात्यातून, खात्यावर, खात्याला, खात्याचं हे सगळे मोजणाऱ्या यंत्राला वेगवेगळे शब्द. त्यातून निम्मे लोक मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. ‘झालं’ हा एवढासा शब्द कुणी झेडने सुरू करतो, कुणी जेने, कुणी जे-एचने. शेवटी कुणी एक ए लावतो, कुणी दोन, कुणी अनुस्वारासाठी एम. वाक्याचं पहिलं अर्धं मराठी, दुसरं हिंदी, आणि सगळी नामं इंग्रजी.

आणि मग अर्थ. ‘पैसे गेले’ या दोन शब्दांचा विचार करा. मुलाच्या फीचे पैसे भरणारा बाप लिहितो, ‘पैसे गेले, थँक्यू’. त्याचं काम झालंय. दुसरा लिहितो, ‘पैसे गेले नाहीत’. त्याचा व्यवहार अडकलाय. तिसरी एक बाई फक्त ‘माझे पैसे गेले’ एवढंच लिहिते, आणि तिचं खातं कुणीतरी धुऊन नेलेलं असतं. शब्दांची वजनं टाकणाऱ्या तराजूला हे तिघे शेजारी-शेजारी दिसतात.

गेल्या काही वर्षांत आलेली मॉडेलं यातलं बरंच सावरून घेतात. २०१८ साली गूगलने ‘बर्ट’ आणलं. त्याच्या बहुभाषी आवृत्तीत शंभरावर भाषा होत्या आणि मराठी त्यांत होती. अशी मॉडेलं शेजारच्या शब्दांच्या संगतीने शब्दाचा अर्थ लावतात, शब्दांचे तुकडे करून वाचतात, त्यामुळे ‘खात्यातून’ आणि ‘खात्यावर’ यांचं नातं त्यांना जमतं. पुण्यातल्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२१मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट माणसांकडून वाचून घेऊन, सूर चांगला, वाईट की मधला अशी लेबलं लावून खुली केली. पुढे मराठीसाठी वेगळी मॉडेलंही दिली. माझ्यासारख्याचं काम त्यामुळे कितीतरी सोपं झालं. पण तिथेही आधी कुणीतरी बसून १६ हजार ट्वीट वाचली, हे विसरून चालत नाही.

मॉडेल कितीही नवं असलं तरी ते कालच्या मेसेजांवर शिकलेलं असतं. ७ नोव्हेंबर २०१६पर्यंतच्या मेसेजांवर शिकलेल्या कुठल्याही यंत्राकडे ९ नोव्हेंबरच्या सकाळच्या प्रश्नासाठी कप्पा नव्हता. नोटाबंदी ही मोठी, सगळ्यांना दिसणारी गोष्ट. फसवणुकीचे नवे प्रकार मात्र चोरपावलांनी येतात. यूपीआयवर पैसे मागणारी विनंती पाठवायची आणि समोरच्याला सांगायचं, की पैसे मिळवण्यासाठी पिन टाका. हा प्रकार नवा होता तेव्हा त्यात अडकलेला माणूस काय लिहिणार? ‘पैसे येणार होते, रिक्वेस्ट आली, पिन टाकला, पैसे आले नाहीत.’ यातला प्रत्येक शब्द एखाद्या अडकलेल्या साध्या व्यवहाराच्या मेसेजात शोभेल असा आहे. यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने त्याला ‘व्यवहार प्रलंबित’मध्ये टाकू शकतं. आणि अडकलेल्या व्यवहाराला आपलं ठरलेलं उत्तर जातं: कृपया थोडी वाट पाहा.

वाट पाहायला सांगण्याची किंमत काय, हे कागदावर लिहिलेलं आहे. ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी दिवसांत मोजली. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या कुणीतरी हात मारला, असं असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याचं देणं शून्य. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि चूक ग्राहकाचीच असली, म्हणजे त्याने स्वतः पिन सांगितला असला, तरी कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे मेसेज पोचला त्या क्षणापासून घड्याळ चालू होतं. कायद्याने ग्राहकाने कळवलेलं असतं. पण खातं गोठवणारा माणूस हात हलवणार ते मेसेज त्याच्या समोर आल्यावर. मधल्या वेळात चोर थांबत नाही.

एक लाल रेघ

दर महिन्याच्या मीटिंगमध्ये पडद्यावर एक आलेख येतो: एकूण मेसेजांपैकी किती टक्के ‘इतर’मध्ये गेले. ती रेघ लाल रंगात असते आणि ती खाली यावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. ‘इतर’मधला प्रत्येक मेसेज माणसाला वाचावा लागतो, आणि माणसाला पगार द्यावा लागतो.

पण रेघ खाली आणायचे रस्ते दोन आहेत. एक म्हणजे ‘इतर’मधले मेसेज वाचायचे, त्यात कुठले नवे प्रश्न जमा होतायत ते पाहायचं, त्यांच्यासाठी नवा कप्पा पाडायचा, लेबलं लावायची, मॉडेलला पुन्हा शिकवायचं. यात आठवडे जातात. दुसरा रस्ता पाच मिनिटांचा. खात्री किती असली तर लेबल लावायचं, हा एक आकडा असतो. तो थोडा खाली करायचा. रेघ त्याच दुपारी खाली येते. मेसेज मात्र तेच असतात. फक्त त्यांच्यावर आता कुठलं तरी लेबल असतं आणि त्यांच्याकडे संशयाने बघायचं कुणाला कारण उरत नाही. प्रत्येक बातमीला एक तरी विषय लावा, हा वृत्तसंस्थेचा नियम बँकेत आणला की असं होतं.

ही चर्चा निघते तेव्हा मी मॅरनचे ते बाजूला काढलेले कागद आणि गोरिनचा पंधरावा कप्पा यांची बाजू घेतो. माझं म्हणणं तीन वाक्यांचं आहे. पैसे जाण्याशी दुरूनही संबंध असलेल्या मेसेजासाठी खात्रीचा आकडा वेगळा आणि चढा ठेवा, जसा सहामींनी ठेवला होता. ‘इतर’ किती, याबरोबर ‘इतर’मधला मेसेज वाचायला माणसाला किती वेळ लागला, हीही रेघ पडद्यावर दाखवा. आणि ‘इतर’ वाचायला सगळ्यात नवख्या मुलांना बसवू नका, सगळ्यात जाणत्यांना बसवा.

तिसऱ्या मुद्द्यावर नेहमी हसू येतं, कारण प्रथा बरोबर उलटी आहे. पण एका बँकेच्या ग्राहकसेवेत वीसेक वर्षं काढलेल्या एक मॅडम आहेत, त्यांच्याबरोबर बसून मी ‘इतर’मधले मेसेज वाचले आहेत. ज्या मेसेजात मला नुसता गोंधळ दिसतो, तिथे त्या म्हणतात, ‘या आजोबांनी पिन कुणाला तरी दिलाय, सांगायला लाजतायत. आधी फोन करा, लेबल मग लावू.’ त्या ओळखतात ते कशावरून, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. ९० शब्दांच्या यादीत ते नव्हतं, गव्हाच्या नियमात नव्हतं. त्या ओळखतात, फोन करतात, आणि मग शांतपणे लेबल लावतात. पुढच्या महिन्यात मॉडेल शिकतं ते त्या लेबलावरून.